यातली लाल कंची?

दुसरा फ्यूजही उडाला. बंडप्पाने डॅशबोर्डच्या भोकातून हात बाहेर काढला आणि घराकडे पाहिलं. जगदेवी अजून आतच होती. दूध उतू जाईल म्हणून ती पाच मिनिटांसाठी गेली, तेवढ्यात नवऱ्याने दोन फ्यूजची वाट लावली होती. पुडीत आता एकच उरला होता.

गाडीचा नवा टेप शिवलीलाने, त्यांच्या लेकीने, पुण्याहून पाठवला होता. मुरुमच्या बाजारात तो बसवून देणारे होते. पण बंडप्पा म्हणाला, "मोबाइलवर समदं दाखवतेत. माझं म्या बसवतो." जुना टेप निघाला झटक्यात. पुढे मात्र मोबाइलमधला माणूस एकच धोशा लावून बसला : लालला लाल जोडा, हिरवीला हिरवी. इथेच गाडं अडलं. बंडप्पाला लाल आणि हिरवा यांतला फरक दिसतच नव्हता. आजच नव्हे, जन्मापासून.

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. शाळेत एकदा पोरं फिदीफिदी हसली, तेव्हापासून तोंडाला कुलूप. टोमॅटो पिकलाय का, हे तो दाबून बघे. रंगाचं काही निघालं की "तूच बघ" म्हणून मोकळा होई. बायको त्याला आळशी म्हणे. आळशी म्हटलेलं त्याला चालत होतं. हसलेलं चाललं नसतं.

जगदेवी पदराला हात पुसत आली आणि शेजारच्या सीटवर बसली. काळे पडलेले फ्यूज तिने पाहिले, पिळलेल्या वायरी पाहिल्या.

"अय्यो! लाल वायर हिरवीला जोडल्यावर दुसरं काय हुईल?" तिने दोन वायरी सोडवून त्याच्या नाकासमोर धरल्या. "यातली लाल कंची, सांगा बरं."

ती थट्टाच करत होती. बंडप्पाला मात्र घाम फुटला. दोन्ही वायरी त्याला सारख्याच मळकट दिसत होत्या. त्याने देवाचं नाव घेतलं आणि एकीवर बोट ठेवलं.

जगदेवीने ती वायर बघितली, मग नवऱ्याचं तोंड बघितलं.

"ही हिरवी हाय."

"मला कळत न्हाय, जगदेवी," तो म्हणाला. "लाल-हिरवं मला एकच दिसतं. ल्हानपणापासनं."

बोलून टाकलं आणि तो सीटला टेकला. आता हसायचं तर हसू दे. त्याला चक्क हलकं वाटत होतं.

ती हसली नाही. तिने लालला लाल पिळली, हिरवीला हिरवी, वर काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि शेवटचा फ्यूज बसवला. बंडप्पाने चावी फिरवली. टेप उजळला आणि रेडिओवरचा माणूस तुरीवरच्या फवारणीची माहिती सांगू लागला.

"लागला की!" बंडप्पाने टाळी वाजवली.

जगदेवीने आवाज बारीक केला.

"माझ्या डोहाळजेवणाला साडी तुम्ही आणली होती."

"व्हय. मग?"

"समद्यांनी हिरवी आणा म्हणून सांगितलं, आन् तुम्ही चॉकलेटी आणली. बायका कुजबुजत होत्या. शिवलीला पोटात, आन् म्या न्हाणीत जाऊन रडले. वाटलं, या माणसाच्या मनात आपुन न्हायच."

बंडप्पा गर्रकन तिच्याकडे वळला.

"चॉकलेटी?" तो म्हणाला. "अगं, उमरग्यात चार दुकानं हिंडलो. त्यातली लई गर्द हिरवी बघून घेतली. कुणी हसंल म्हणून रंग तेवढा बोललो न्हाय, निस्तं बोट दाखवलं."

जगदेवीचे डोळे भरून आले, आणि त्या भरल्या डोळ्यांनीच ती हसायला लागली.

"म्हंजी," ती म्हणाली, "तुम्ही हिरवीच आणली होती."