शुक्रवारचे पाच अंश

दर शुक्रवारी दुपारी एक ते दोन या वेळात बंदरावरच्या त्या मासळीच्या शीतगृहाचे तापमान वजा अठरावरून वजा तेरावर चढत असे. त्या वेळी वीज असे, दार बंद असे आणि आत कोणीही नसे.

असे सात शुक्रवार झाले. दोनला कामगार जुम्म्याच्या नमाजाहून परतत. सगळ्यांत शेवटी तंत्रज्ञ अयूबभाई येत, आपोआप बंद पडलेल्या यंत्राचे बटण दाबत आणि यंत्र निमूट सुरू होई. त्यांनी गॅस तपासला, थर्मोस्टॅट बदलला. पहारेकरी रघूने देवाला गाऱ्हाणे घालायला सांगितले.

"यंत्रच नमाजाला जातंय, अयूबभाई," मालक रावजीशेठ म्हणाले. "या शुक्रवारी कारण मिळालं नाही, तर काम कोल्हापूरच्या कंपनीला. मग तुमची ही उमेदवार पोरगीही घरी."

उमेदवार पोरगी म्हणजे अयूबभाईंच्या हाताखाली काम शिकणारी निदा. आयटीआयच्या वर्गातली एकटी मुलगी. ही जागा तिला चौदा नकारांनंतर मिळाली होती.

त्या शुक्रवारी ती जेवायला घरी गेली नाही. एक वाजून दहा मिनिटांनी यंत्र थांबले, तेव्हा ती इमारतीच्या मागे गेली. यंत्राची गरम हवा जिथून बाहेर पडते, त्या जाळीवर अकरा सदरे वाळत होते. मासळीचा वास लागलेले कपडे धुऊन, स्वच्छ कपडे घालून मंडळी मशिदीत गेली होती.

निदाने सगळे सदरे काढले आणि बटण दाबले. यंत्र सुरू झाले. मग तिने ते एकेक करून परत टाकले. सहा सदऱ्यांपर्यंत काही झाले नाही. सातव्याला गरम हवा कोंडली, दाबाचा काटा लाल रेषेपलीकडे गेला आणि यंत्र थांबले. आधी सगळ्यांत खाली असलेला एकच सदरा तिने जाळीवर ठेवला, बाकीचे जवळच्या दोरीवर टाकले आणि यंत्र पुन्हा सुरू केले.

दोनला कामगार आले. सदरे दोरीवर पाहून गोंधळले, आपापले घेऊन गेले. शेवटी अयूबभाई आले आणि सवयीने जाळीवरच्या सदऱ्याकडे हात नेला.

"चाचा, हा तुमचा?"

"मग कोणाचा? पाच वर्षं इथंच वाळतोय. एका सदऱ्यानं काय होतंय गो?"

"एकानं नाही होत. सातव्यानं होतं. तुमचं बघून आता आणखी दहा जण टाकतात. तुम्ही सगळ्यांच्या आधी जाता, सगळ्यांच्या नंतर येता, म्हणून तुम्हाला फक्त तुमचाच दिसतो."

अयूबभाईंनी काट्याकडे पाहिले, सदऱ्याकडे पाहिले. मग इतके हसले की रघू धावत आला.

"शेठना मी सांगतो," डोळे पुसत ते म्हणाले. "ही पोरगी आता कुठं जात नाही."

नोंदवहीत त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले :

'दोष शोधणारी : निदा. कारण : गरम हवेच्या जाळीवर वाळत घातलेले अकरा सदरे. पहिला माझा.'