पान

शेफालीने खडकीच्या नर्सरीतून पंख्यासारख्या पानांचा पाम आणला, त्याला वर्ष झालं. त्याला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, म्हणून स्वारी बाल्कनीतून हॉलमध्ये आली, फिल्टरच्या पाण्यावर राहू लागली. एवढे लाड करूनही एकुलतं एक नवं पान बोटभर येऊन अडलं होतं. शेफाली रोज त्याला टेप लावून बघायची.

तिच्या सासूबाईंचं, इंदुबाईंचं पथ्य सोपं होतं. जेवणाआधी इन्सुलिन, आणि ते टोचलं की लगेच जेवण. एकदा जेवायला उशीर झाला, तर साखर उतरून त्या बाथरूममध्ये कोसळल्या होत्या. तेव्हापासून घरात नियमच झाला: शेफालीने "पान वाढलं" अशी हाक मारल्याशिवाय इंदुबाईंनी सुई हातात घ्यायची नाही.

आज दोन वाजत आले तरी हाक नव्हती. सुनेची ऑफिसची मीटिंग लांबली असेल, असं म्हणत इंदुबाई आपल्या खोलीत बसून राहिल्या. पोटात कावळे कोकलत होते. शेवटी हॉलमधून शेफालीचा खुशीतला आवाज आला, "अहो आई, पान वाढलं."

इंदुबाईंनी लगबगीने सुई टोचली, हात धुतले आणि वॉकर सरकवत त्या टेबलाशी आल्या. टेबल रिकामं होतं. शेफाली टेप हातात घेऊन पामपाशी उभी होती.



"चक्क दोन इंच," ती म्हणाली. "बसा ना आई. आधी ग्रुपवर फोटो टाकते, मग भात टाकते."