पुसट अक्षरं

मुलीचं ऑपरेशन सोमवारवर आलं होतं आणि घरात विकण्यासारखं सासऱ्यांचं जुनं तांब्याचं नाणं तेवढं उरलं होतं. लेथवर उभा जन्म काढलेल्या बापाने ते जाणकारासमोर ठेवलं.

"मागची अक्षरं पुसट आहेत बघा. टाकसाळीतच चुकलेलं नाणं, असं सासरे म्हणायचे."

जाणकाराने भिंग लावलं. "बरोबर म्हणायचे. साच्याचा काठ तुटला की नाण्यावर त्या जागी धातूचा फुगवटा येतो आणि मागची अक्षरं तिथेच पुसट होतात. अक्षरं पुसट आहेत, पण फुगवटा कुठाय? कुणीतरी कानशीने घासून काढलाय. आता हे नुसतं खराब झालेलं नाणं."

"आणि फुगवटा असता तर?"

"तर तुम्हाला उठूच दिलं नसतं, काका. म्हणाल त्या किमतीला घेतलं असतं."

"काहीच होणार नाही का, साहेब?"

"नाही हो." जाणकाराने काठावरून बोट फिरवलं. "पण घासणाऱ्याचा हात मात्र सफाईदार हं! एक ओरखडा नाही."

बापाने दोन्ही हात हळूच टेबलाखाली घेतले.