बरोबर मधोमध

चारकोपची आमची खोली काटकोनात वळलेली. आतेभावाने मस्कतहून आणलेल्या स्टिरिओचे दोन स्पीकर अप्पांनी तिच्या दोन टोकांना ठेवले आणि दोन्हींच्या बरोबर मधली, ऐकायला बसायची जागा सुतळीने मोजायला घेतली. अप्पा ट्रॉम्बेला ड्राफ्ट्समन, त्यामुळे अंदाजाने कुठेही बसणं त्यांना मंजूर नव्हतं.

जागा मिलिमीटरपर्यंत अचूक निघाली. ती भिंतीपलीकडे, शेजारच्या बाळा बांदेकरांच्या पलंगावर होती.

पाण्याच्या पिंपावरून अप्पा आणि बांदेकरकाकांचा दोन वर्षं अबोला. पण भिंत इतकी पातळ, की त्यांच्या फोडणीतली मोहरी इकडून मोजता यायची, मग इकडचं गाणं तिकडे जाणारच ना! अप्पांना काही राहवेना. स्टिरिओ चालू ठेवून, मला पुढे घालून ते शेजारच्या दारात उभे राहिले.

"नंदू, यांना विचार, पलंगावर दोन मिनिटं बसू का?"

समोरच उभे असलेले बांदेकरकाका मलाच म्हणाले, "नंद्या, बापाशीक सांग, चपला भायेर काड."

अप्पा बसले. डोळे मिटले.

"डावीकडे तबला... उजवीकडे सतार... अरे, झकास!" आणि भान विसरून त्यांनी काकांचा हात धरून खाली ओढलं. "बस रे बाळा, तू पण ऐक!"

काका बसले. दोन वर्षांचा अबोला एका कॅसेटमध्ये संपला.



आता दर रविवारी आमच्या घरचे आम्ही पाचही जण बांदेकरांच्या पलंगावर असतो, आणि तिथे जागा उरत नाही म्हणून बांदेकर आमच्या घरी बसून कॅसेट पलटतात.