पहिल्या रांगेतले पालक

"कुणाला काही विचारायचंय?" एवढं पाहुण्या मॅडमनी म्हणायचा अवकाश, पहिल्या रांगेतला इंद्रजित उठून उभा राहिला. विचारण्यासारखं त्याच्याकडे काहीच नव्हतं, तरी त्यानं शर्ट सारखा केला आणि घसा खाकरला.

भोरच्या हायस्कूलच्या हॉलमध्ये पाचवी ते सातवीच्या पालकांची सभा चालली होती. आसपासच्या गावांतली पोरं चौथी संपवून यंदा इथं पाचवीला आली होती, म्हणून पुण्याहून समुपदेशक मॅडम बोलावल्या होत्या. मूल मोठ्या शाळेत गेलं की घरच्यांनी काय काय अपेक्षित धरावं, याचे दहा मुद्दे त्यांनी पडद्यावर दाखवले आणि त्यांचा छापील कागदही वाटला. मूल स्वतःच्या खोलीचं दार लावून बसेल, हा चौथा मुद्दा. किकवीच्या एका बाईनं शेजारणीला हळूच विचारलं, कुठल्या खोलीचं दार? तिच्या घराला दार एकच होतं आणि ते रस्त्यावर उघडत होतं. बाकीच्यांनी दहाही मुद्द्यांना सारख्याच माना डोलावल्या आणि चहा कधी येतोय ते बघत बसले.

इंद्रजितनं मात्र सगळे मुद्दे मनावर घेतले होते. आम्ही पालक म्हणून अत्यंत सजग आहोत, अशी त्यानं शुद्ध भाषेत सुरुवात केली. तिसऱ्या वाक्याला ती शुद्ध भाषा संपली. मग त्यानं घरचा पाढा वाचला. उत्रोलीच्या घराची पडवी बंद करून यंदा पाचवीत आलेल्या मुलासाठी, स्वरूपसाठी, अभ्यासाची खोली काढली. टेबल आणलं, खुर्ची आणली, दिवा आणला. पोरानं ST ला लोंबकळू नये म्हणून तो स्वतः त्याला गाडीवर सोडणार आणि परत आणणार. डब्यात रोज दोन भाज्या हव्यात असं त्यानं बायकोला, मंगलला, बजावलं होतं. त्यासाठी तिला पहाटे उठावं लागायचं, पण ते त्यानं सभेत सांगितलं नाही.

"पोराकडं लक्ष द्यायला येळ काढावा लागतो," तो म्हणाला. "आमच्या घरातनं हायस्कुलात आलेलं हे पहिलंच लेकरू हाय. आमी कशात कमी पडणार न्हाई."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत उत्रोलीच्याच हनुमंताला पाणी पिता पिता ठसका लागला. शेजारच्यानं त्याच्या पाठीवर थोपटलं.

पाणी देत होती ती सातवीतली शेफाली. हातात जग, खिशात नवं पेन आणि चार घड्यांचा एक कागद. खो-खोच्या जिल्हा शिबिरासाठी अख्ख्या शाळेतून तिची एकटीची निवड झाली होती. दहा दिवस पुण्यात राहायचं होतं. त्यासाठी पालकांची सही हवी होती, तीही खेळाच्या मॅडमच्या समोर आणि आजच, कारण यादी संध्याकाळी जाणार होती. सही नाही तर नाव नाही, असं मॅडमनी साफ सांगितलं होतं. तो कागद आठ दिवस तिच्या घरी टीव्हीखाली पडून होता. आई म्हणाली, पप्पांना विचार. पप्पा म्हणाले, ठेव तिथं, बघू. दोन वर्षांत तिच्या एकाही सभेला घरून कोणी फिरकलं नव्हतं. प्रगतिपुस्तकावर आईच भाकरी थापता थापता सही करायची, त्यामुळे दर सहामाहीला त्यावर पिठाची बोटं उमटलेली असायची. आज मात्र पप्पा सभेला येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर पाणी द्यायचं काम तिनं मागून घेतलं होतं.

भाषण करून इंद्रजितला तहान लागली होती. त्यानं शेफालीच्या हातातून पेला घेतला, पण तोंड शेजारच्या पालकाकडेच होतं. पोराला आत्तापासून स्पर्धा परीक्षेचं वळण लावलं पाहिजे, हे तो त्याला पटवून देत होता. तिनं घड्या उलगडून कागद पुढं केला. दहा मुद्द्यांचाच कागद पुन्हा वाटताहेत असं त्याला वाटलं. त्यानं न बघता हातानंच नको म्हटलं, रिकामा पेला तिच्याकडे दिला आणि पुन्हा बोलायला लागला. अशा माणसाची खरं तर चीड यायला हवी. हॉलमध्ये ती कुणाला आली नाही. उलट, बाप असावा तर असा, असं दोघं-तिघं आपसात बोलले.

ती कागद घेऊन तशीच भिंतीशी जाऊन उभी राहिली. पेन तिनं पुन्हा खिशात ठेवलं.

शेवटी खेळाच्या सुलक्षणा मॅडम यादी घेऊन टेबलाशी आल्या. त्या शाळेत नव्या होत्या. चहा अजून यायचा होता, त्यामुळे जागेवरून कोणी हललं नव्हतं.

"शेफाली, यादी पाठवायची आहे. सहीला तुझं कुणी आलंय का?"

शेफालीनं पहिल्या रांगेकडे पाहिलं. इंद्रजित दहा मुद्द्यांच्या कागदाची नीट घडी घालत होता.

"न्हाई, मॅडम."

मॅडमनी टेबलावरच्या पालकांच्या हजेरीवरून बोट फिरवलं आणि एका आडनावाशी थांबवलं. "अगं, पाचवीतला स्वरूप तुझा सख्खा भाऊ ना? त्याचे वडील तर आलेत. आत्ता बोलले की."

घडी घालणारा हात थांबला. शेफालीनं बिनसहीचा कागद टेबलावर ठेवला.

"व्हय," ती म्हणाली. "स्वरूपचं पप्पा आल्यात. माझं न्हाई आलं."