बारशाला जायचं तर

“आजी, बाटली धुतली होतीत का तुम्ही?”

लॅबमधल्या अक्षदाने काउंटरवरून एवढ्या मोठ्याने विचारलं की बाकावरच्या सगळ्यांनी माना वर केल्या. शीलाताईंनी पर्स छातीशी धरली. धुतली होती का म्हणजे काय! भांड्यांच्या साबणाने दोनदा घासून, गरम पाण्याने खळखळून, वर आतून पदराने कोरडी करून मगच तिच्यात लघवी धरली होती, असं त्यांनी हळूच सांगितलं. दुकानातून आलेली वस्तू तशीच वापरायची, असं त्यांच्या घरात अडुसष्ट वर्षांत कधी झालं नव्हतं.

“अहो, ती निर्जंतुकच असते. तुमच्या पदरावरचे जंतू वाढलेत मागच्या सॅम्पलमध्ये. कल्चर परत करायला लागेल.” अक्षदाने नवी बाटली पुढे सरकवली. “आत्ताच द्या. अकरा वाजता आमचा माणूस सगळी सॅम्पल घेऊन ठाण्याला जातो. आज गेलं तर रिपोर्ट शनिवारी मिळेल.”

सव्वादहा झाले होते. रविवारी नातीचं बारसं होतं.

अंदाजाने दिलेल्या गोळ्यांचे दोन कोर्स संपले, तरी जळजळ जागच्या जागी. रिपोर्टशिवाय आता तिसरी गोळी नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि जळजळ परवडली, पण सुटणं नको. शिंक आली, कुकर उचलला, दाराची बेल वाजली, की झालंच. जुन्या सुती साडीच्या घड्या करून घ्यायच्या, त्या धुवायच्या, आणि विनीतला दिसू नयेत म्हणून मोरीच्या दारामागे वाळत घालायच्या. पोटच्या पोराला काय सांगणार? माणसाने धुवायचं तरी किती! शीलाताई अगदी विटून गेल्या होत्या.

त्या आत जाऊन बसल्या. पाच मिनिटं झाली, सात झाली. एक थेंब नाही. एरवी न बोलावता धावून येणारी आज हाका मारल्या तरी येईना. येणार कुठून? बाहेर पडायचं म्हटलं की सकाळपासून पाणी बंद, हा त्यांचा दोन वर्षांचा नेम. आज तर चहाही अर्धाच घेतला होता.

“पाणी प्या भरपूर आणि बसा,” अक्षदा म्हणाली. शीलाताईंनी कागदी कपातून चार कप पाणी औषधासारखं घशाखाली उतरवलं आणि रिकामी बाटली मुठीत धरून बाकावर बसल्या. एवढ्यात फोन वाजला. सूनबाई, रसिका. पहिलं बाळंतपण म्हणून ठाण्याला माहेरी होती, बारसंही तिथेच होणार होतं. ‘गुडघे धरलेत गं, जिना चढवत नाही, मला काही जमायचं नाही,’ असं शीलाताईंनी परवाच तिला कळवून टाकलं होतं.

“आई, एक विचारू? खरं सांगाल?” रसिकाचा आवाज जड होता. “मुलगी झाली म्हणून येत नाही आहात का?”

“काय बोलतेस! कोण म्हणतं असं?”

“सगळेच. काल मावशी आईला सांगत होती, मुलगा असता तर विहीणबाईंचे गुडघे दुखले नसते.”

शीलाताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. नातीसाठी त्यांनी स्वतःच्या हाताने सहा झबली शिवून ठेवली होती. अजून एखादं खोटं सांगता आलं असतं. डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय वगैरे. पण खोटं निभावायलाही अंगात जोर लागतो, आणि तो आता उरला नव्हता.

“गुडघे ठणठणीत आहेत माझे,” त्या म्हणाल्या. “मला लघवी सुटते, रसिका. दोन वर्षं झाली. तुझ्या आईचा तो पांढरा सोफा. त्याच्यावर चार बायकांत सुटली तर मी तोंड कुठे लपवू? मुलगी म्हणून नाही गं. तिला मांडीवर घ्यायला जीव तुटतोय माझा.”

शेजारचे आजोबा भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्ष देऊन वाचू लागले. शीलाताईंना त्याचंही काही वाटेना.

पलीकडे रसिकाने नाक ओढलं. “एवढंच?”

“एवढंच काय गं? थट्टा वाटते तुला?”

“तसं नाही, आई. अहो, तुमची नात मला दिवसातून चौदा वेळा भिजवते. रविवारी तिला मांडीवरून खाली उतरवूच नका. साडी ओली दिसली तर कोण विचारणार आहे, दोघींपैकी कुणी केली म्हणून?”

शीलाताईंना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून; आवरेना. आणि हसता हसता खाली ती ओळखीची ऊब जाणवली.

“हसवू नकोस, बाई! ठेव, ठेव फोन,” असं म्हणत त्या बाटली घेऊन ताडकन उठल्या आणि आतल्या दाराकडे धावल्या. अकराला पाच कमी होते. आपण बसलो होतो ती जागा मागे वळून बघायचं या वेळी राहूनच गेलं.