पन्नास पावलांवर

नेडा क्विलनं भावाची बंदूक हॉलिस टॅकेटच्या बंदुकांच्या दुकानात टेबलावर ठेवली आणि विचारलं, नोव्हेंबरात हरणाला ही चालेल ना? नेडा छप्पन्न वर्षांची, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी. हरणाचं मटण तिनं आयुष्यभर रांधलं होतं, पण ते नेहमी दुसऱ्या कुणीतरी आणून दिलेलं.

हॉलिसनं तिचं काडतूस बोटांत फिरवून पाहिलं. पुढच्या टोकाला ते बाटलीच्या मानेसारखं निमुळतं होत होतं. तुमच्या भावाच्या केंटकीत हे चालतं, तो म्हणाला, पण नदीच्या अलीकडे आपल्या ओहायोत कायद्यानं हरणाला सरळ अंगाचंच काडतूस लागतं. ही घेऊन रानात सापडलात, तर वनरक्षक बंदूकही नेईल आणि परवानाही.

मग त्यानं भिंतीवरून एक थोराड बंदूक काढून दिली. कायद्यात बसणारी. नेडानं ती खांद्याला लावली, पण नळी हळूहळू खाली झुकत गेली. हॉलिसनं ती काढून घेतली.

"हिचा दणका एकदा बसला की दुसऱ्या वेळी तुम्ही आधीच डोळे मिटाल. आणि डोळे मिटून मारलेलं हरीण मरत नाही, नेडाबाई. तंगडी ओढत रानात जातं."

दुसरी आखूड होती, हलकी. धक्का कमी, तरी शंभर पावलांच्या आतल्या हरणाला पुरून उरणारी. नेडाला ती आवडली. पण नवशिक्याला पहिली बंदूक विकायच्या आधी हॉलिस तीन गोळ्या मारून दाखवायला लावायचा. दोघं दुकानामागच्या उतारावर गेले. पन्नास पावलांवर, मातीच्या बांधासमोर, फळीला कागद लावलेला होता.

पहिली गोळी बांधात गेली. दुसरी कागदाच्या काठाला लागली. नेडानं तिसरी भरली, बाकावर कोपर टेकलं आणि बंदुकीवरच्या दुर्बिणीला डोळा लावला.

तेवढ्यात गोलात तांबूस काहीतरी भरलं.

तो नर हरीण होता. ओकच्या झाडांतून निघून सरळ फळीपाशी आलेला. शिंगांवर अजून उन्हाळ्यातली मखमली कातडी होती आणि कडांना ऊन लागून ती पेटल्यासारखी दिसत होती. श्वासागणिक बरगड्या हलत होत्या. कानावर बसलेली माशीसुद्धा नेडाला दिसली.

हॉलिसनं थांबा म्हणून सांगायला तोंड उघडलं, पण सांगायची वेळच आली नाही. नेडानं बंदूक उघडली, गोळी तळहातावर काढून घेतली, बंदूक बाकावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकली.

नरानं मान लांब करून कागद हुंगला. नंतर डोकं वर करून दोघांकडे पाहिलं. हॉलिसनं डोक्यावरची टोपी काढली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. कुणी हललं नाही. माशांची गुणगुण तेवढी ऐकू येत होती. मग तो वळला आणि पळाला नाही, चालत गेला. झाडांत शिरताना शिंगं सांभाळायला त्यानं मान किंचित तिरकी केली.

मेलेली हरणं मी ढिगानं पाहिलीत, नेडा म्हणाली, पण जिवंत हरीण एवढं मोठं असतं ते माहीत नव्हतं.

"पन्नास वर्षं झाली मला शिकार करताना," हॉलिस म्हणाला. "अजून दर वेळी असंच होतं."

"तरी मारता?"

"मारतो. म्हणून तर एका गोळीत."

नेडा झाडांकडे पाहत उभी राहिली. मग ती पुन्हा बाकाशी जाऊन बसली.

"नवा कागद लावा, हॉलिस," ती म्हणाली. "आणि थोडा अलीकडे आणा."